दगडाबाईचा उजवा तळवा

लालासाहेब भोरे कुणाशीही बोलायला लागले की आधी खाली बघतात. नवख्या माणसाला वाटतं, गृहस्थ लाजाळू दिसतोय. लाजाळू कसले! ते पाय बघत असतात. चप्पल कुठल्या बाजूनं झिजलीय, टाच बाहेर येते का, अंगठ्याचा ठसा किती खोल उतरलाय, हे सगळं न्याहाळून झाल्यावर त्यांची नजर सावकाश वर येते, आणि तोवर समोरच्या माणसाची निम्मी कुंडली त्यांनी मनात मांडलेली असते. साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत एकदा त्यांनी शेजारच्या अनोळखी प्रवाशाला विचारलं होतं, "डावा गुडघा कवापासनं दुखतोय तुमचा?" तो बिचारा घाबरून कंडक्टरजवळ जाऊन बसला. घरी आल्यावर रूथबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांची चांगलीच हजेरी घेतली. खोड मात्र गेली नाही.

माधवनगरच्या चर्चमागं पत्र्याची एक खोली आहे. तिथं ते चपला बनवतात. गिरण्या जोरात होत्या तेव्हा गिरणीतल्या ख्रिस्ती कामगारांनी हे चर्च बांधलं. पुढं गिरण्या बसल्या, माणसं पांगली, चर्च राहिलं. लालासाहेबांचे आजोबा गावाकडं चामड्याचं काम करत. वडिलांनी ते सोडून गिरणीत नोकरी धरली आणि आता आपल्या घराण्याचा चपलेशी संबंध फक्त घालण्यापुरता, असं मोठ्या अभिमानानं जाहीर केलं. लेकानं त्यांच्या अभिमानाची फार दिवस पत्रास ठेवली नाही. पस्तिशीत असताना त्यानं कुष्ठरोगाच्या दवाखान्यात एका म्हाताऱ्याच्या तळव्यात रुतलेला खिळा बघितला. म्हातारा तो खिळा घेऊन दोन दिवस चालत होता, आणि त्याला पत्ता नव्हता. महिन्याभरात चर्चच्या पाळकांकडं जाऊन लालासाहेबांनी मागची खोली मागून घेतली.

हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक असायला हवं, पण शिकल्यासवरल्या माणसांनाही ते नव्यानं सांगावं लागतं, याचा संताप येतो. रोग जातो, पण जाताना त्यानं तळव्याची जाणीव नेली असेल तर ती परत येत नाही. काटा कळत नाही, चटका कळत नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि शेवटी पाय जातो. म्हणून या माणसांसाठी वेगळ्या चपला लागतात. आत मऊ काळं रबर, ज्याला सगळे नुसतं एमसीआर म्हणतात. खिळा एकही नाही, सगळं चिकटवलेलं. बंद वेल्क्रोचे, कारण वाकड्या झालेल्या बोटांनी बक्कल लागत नाही. पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या मापानं चप्पल कापायची. कागद म्हणून लालासाहेब चर्चच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठी वापरतात. महिन्यातून एकदा ते साताऱ्याला आणि वाईला जाऊनही मापं घेऊन येतात. खोलीतल्या फळीवर पायांच्या अशा आकृत्यांची चळत आहे, आणि कुठला पाय कुणाचा हे त्यांना नाव न वाचता सांगता येतं.

या चळतीतल्या एका पायानं त्यांची झोप उडवली होती. तो दगडाबाईचा उजवा पाय.

दगडाबाई पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली, धनगराची. जन्म मेंढरांमागं गेला. रोग झाल्यावर भावकीनं तिला वेगळं काढलं आणि ती रेल्वे रुळापलीकडच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत येऊन राहिली. त्याला आता तेरा वर्षं झाली. रोग कधीच बरा झालाय, पण हाताची बोटं वळलेली आणि दोन्ही तळवे बधिर. बाई मात्र खमकी. कपाळाला बिरोबाचा भंडारा लावायची आणि तसल्याच पिवळ्या कपाळानं दर रविवारी चर्चला यायची. धर्म बदला असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तर तिनं त्याला दारात उभं केलं नसतं. लालासाहेबांनी आपल्या चौकस स्वभावाला धरून एकदा विचारलंच होतं, "आक्का, बिरोबा रागवत न्हाई व्हय?"

"त्यो मेंढरामागं असतोय," दगडाबाई म्हणाली. "त्याला कुटं येळ हाय."

तर या दगडाबाईच्या उजव्या तळव्याला जखम व्हायची. चवड्याखाली, रुपयाएवढी. पहिल्यांदा झाली ती गेल्या वर्षी एप्रिलात. जखमेवर भार येऊ नये म्हणून पायाला प्लास्टर घातलं, भरली. ऑक्टोबरात पुन्हा. पुन्हा प्लास्टर. या वर्षी मार्चमध्ये तिसऱ्यांदा झाली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर अश्लेषा यांनी एक्स-रे उजेडापुढं धरून लालासाहेबांना दाखवला.

"हाड अजून शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पण त्वचा आता पातळ झालीय. हे प्लास्टर निघाल्यावर पुन्हा जखम झाली तर पाय वाचवता येईल असं मी सांगू शकत नाही. तुमच्या चपलेत काही दोष आहे का ते बघा. नाहीतर त्या घालत नसतील."

चपलेत दोष! लालासाहेबांना ते बोलणं झोंबलं. त्यांनी दगडाबाईची चप्पल खोलीत आणली, उजेडात धरली, बोटानं दाबून पाहिली, उभी चिरूनसुद्धा पाहिली. खडा नाही, खिळा नाही, कडक झालेला तुकडा नाही. आणि बाई घालत नाही म्हणावं, तर आतल्या रबरावर पाचही बोटांचे ठसे असे उमटलेले, की ती ही चप्पल घालूनच झोपत असावी. चप्पल निर्दोष, बाई निर्दोष, आणि तळव्याला भोक. मग हे करतंय कोण?

त्यांनी दगडाबाईच्या पायाच्या कागदामागं तारखा लिहून काढल्या. वसाहतीत पट्ट्या करायला सिस्टर सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. तिन्ही वेळा फोड दिसला तो सोमवारी. गुरुवारी एकदाही नाही. म्हणजे जे काही होत होतं ते गुरुवारनंतर आणि सोमवारच्या आधी. शिवाय थंडीत नाही, पावसात नाही. ऊन तापलं की होतंय. लालासाहेब इतके खूश झाले की रूथबाईंना चहा टाकायला सांगून तो प्यायलाच विसरले.

मग त्यांनी वसाहतीत चकरा सुरू केल्या. शुक्रवारी बाई काय करते? कोंबड्यांना दाणे टाकते, भाकरी करते, शेजारणीशी भांडते. सगळं चपला घालून. चुलीजवळ पाय पसरून बसते का? नाही, गॅस आहे, आणि ती उभ्यानं रांधते. शनिवारी हौदावर धुणं. पायात चपला. पाण्यात भिजल्या तर? दुसरा जोड आहे, तो घालते. लालासाहेब कोपऱ्यात बसून इतकं बारकाईनं बघायला लागले की शेजारपाजारच्या बाया पदराआड हसायला लागल्या. शेवटी दगडाबाईच वैतागली.

"आवं, काय बघतासा सारखं? माजं पाय काय पळून चाललं हायती?"

"पळून न्हाई, कापून जायाची येळ आलीया. खरं सांगा आक्का, चपला कवा काडतासा?"

"पाय धुवाय आन निजाय. बास. तुमच्या डॉक्टरीनबाईनं सांगितलंय, घरात बी घाला. मी घरात बी घालते."

खोटं बोलत नव्हती. लालासाहेबांना माणूस खोटं बोलताना पायाची बोटं कशी आवळतो तेही माहीत होतं, पण दगडाबाईच्या बोटांत रोगानं आवळायचं बळच ठेवलं नव्हतं. तिथं त्यांची विद्या लंगडी पडायची. तरी चप्पल तिच्या बाजूनं साक्ष देत होती.

आता इथं वाचणाऱ्याच्या मनात आलंच असेल की हे गृहस्थ शुक्रवार बघतात, शनिवार बघतात, मग रविवारचं काय? रविवार त्यांनी धरलाच नव्हता. रविवारी ती चर्चला असायची. चर्चमध्ये कुणाला काय होणार? तिथं तर ते स्वतः असायचे.

असायचे, पण कसे ते सांगायला हवं. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन लालासाहेब घंटा वाजवत. मग पुढच्या कोपऱ्यात तबल्यावर बसत. उपासना संपली, पाळकांनी आशीर्वाद दिला, की लोक पुढच्या दारानं बाहेर पडत आणि लालासाहेब तबल्यावर गवसणी चढवून मागच्या दारानं आपल्या खोलीत शिरत. त्या अंगणात रविवारी दुपारी काय चालतं हे त्यांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी प्लास्टर निघालं. तळवा गुलाबी, नव्या कातडीचा, लहान मुलाच्या गालासारखा. लालासाहेबांनी नवं माप घेतलं, नवा जोड बनवला आणि स्वतःच्या हातानं तिच्या पायात घातला. मेच्या पहिल्या रविवारी दगडाबाई तो जोड घालून चर्चला आली. त्या दिवशी तबला एका लग्नात मागून नेलेला होता आणि परत आला नव्हता, म्हणून लालासाहेब हात चोळत शेवटच्या बाकावर बसले. आशीर्वाद झाला. शेवटचा बाक दाराला सगळ्यात जवळ. ते सगळ्यांच्या आधी बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले.

चर्चचं अंगण शहाबादी फरशीचं. सगळ्यांच्या चपला अंगणापलीकडं, फाटकाजवळच्या लिंबाखाली. साडेबारा वाजलेले. दारातून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस फरशीवर पाय टेकला की उडत होता. पोरं ओरडत, हसत सुसाट पळाली. लोंढे सर, चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले सगळ्यात ज्येष्ठ, एरवी मोजून पाऊल टाकणारे निवृत्त हेडमास्तर, धोतर सावरत टुणटुण उड्या मारत निघाले. पाळक जयराज पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून, भिंतीची जी काय चार बोटं सावली होती तिच्यात चवड्यांवर उभे. सगळं चर्च नाचत होतं. लालासाहेबांना हसू फुटलं.

आणि मग त्यांना त्या सगळ्या उड्यांच्या मधोमध दगडाबाई दिसली. ती नाचत नव्हती. ती अंगणाच्या मध्यावर स्वस्थ उभी होती, दोन्ही पाय फरशीवर नीट टेकून. समोर रूथबाई. रूथबाईंनी तिचे दोन्ही वाकडे हात आपल्या हातात धरले होते आणि त्या या पायावरून त्या पायावर होत तिच्याशी बोलत होत्या. त्या गेल्या, दुसरी बाई आली. तिनंही हात हातात घेतले, "सलाम, आक्का," म्हणाली, आणि चटका सोसेना तशी पळाली. मग तिसरी. उपासनेनंतर एकमेकांचा हात धरून सलाम करायची इथली जुनी रीत. प्रत्येक जण तिच्याजवळ अर्धा मिनिट थांबत होता, प्रेमानंच थांबत होता, आणि दगडाबाई प्रत्येकाकडं बघून मनापासून हसत त्या तव्यावर उभी होती.

ते अंगण ओलांडून धावले. स्वतःच्या तळव्यांना चटके बसत होते आणि त्या प्रत्येक चटक्यासरशी त्यांना तिचा तळवा दिसत होता. लिंबाखालून त्यांनी तिचा जोड उचलला, परत धावत आले, तिला दंडाला धरून पायरीच्या सावलीत बसवलं आणि उजवा पाय मांडीवर घेतला. चवड्याखाली गुलाबी कातडी लालभडक झाली होती. मधे एक पांढुरका डाग उमटत होता.

"दुखतंय का?"

"न्हाई की," दगडाबाई म्हणाली. "काय झालं? आसं काय करतासा येड्यागत?"

नेमकं तेव्हाच लालासाहेबांना आठवलं. दोन वर्षांमागं दगडाबाई पहिल्यांदा या दारात आली तेव्हा ती पायात एमसीआरच्या चपला घालून थेट पायरी चढली होती. घंटा वाजवून वळलेल्या लालासाहेबांनीच तिला हटकलं होतं, "आक्का, चपला भाईर काडा, तितं लिंबाखाली." सगळ्यांना सांगतात तसं. आधी पायाकडं बघणाऱ्या माणसानं त्या दिवशी पायाकडं बघूनच सांगितलं होतं, आणि तरी त्याला काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अश्लेषांनी पाय तपासला. भाजलं होतं, पण वरवर. वेळेत उचललंत, म्हणाल्या. तीन आठवडे पट्टी, पाय वर. "पण आता एक पाऊलसुद्धा अनवाणी नाही. घरात नाही, देवळात नाही, चर्चमध्ये नाही. मी पुन्हा सांगणार नाही."

त्या आठवड्यात वडीलमंडळ बसलं. लालासाहेबांनी उभं राहून सगळं सांगितलं, आपली चूकही सांगितली. पाळक जयराज तरुण माणूस. त्यांनी डोक्यालाच हात लावला. दगडाबाईला चपला घालून आत बसू द्यावं, असं ते लगेच म्हणाले. लोंढे सरांनी मात्र बराच वेळ चष्मा पुसला.

"त्या बाईपुरती सूट द्या," सर शेवटी म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही. पण तिच्यापुरतीच. आपले आजे-पणजे गावातून जाताना चपला हातात घेऊन चालायचे, लोकांच्या भीतीनं. इथं आपण चपला काढतो त्या कुणाच्या भीतीनं नाही, देवाच्या मानानं काढतो. ही जागा सोडून मला असा मान कुठं देता आला नाही. ते मोडायला मी हात वर करणार नाही."

सूट मंजूर झाली. लालासाहेब सायकल मारत वसाहतीत गेले, ते आनंदाची बातमी घेऊन चालल्यासारखे. दगडाबाई खाटेवर पाय वर करून बसली होती. लिंबाच्या काडीनं कोंबड्यांना हाकलत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि ती खूश होण्याची वाट बघत राहिले.

"मला न्हाई पायजे," दगडाबाई म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई पायजे. समदी काडत्याली आन मी येकलीच घालून बसू? मी न्हाई याची."

"आवं आक्का, पाय जाईल!"

"जाऊ दे. लय चाललाय."

लालासाहेबांचा संताप संताप झाला. एवढ्या चकरा, एवढं डोकं चालवणं, एवढी बोलणी, आणि बाई म्हणते जाऊ दे. ते उठून दारापर्यंत गेले, परत आले आणि खाटेसमोर उकिडवे बसले. मनात होतं ते बाहेर काढल्याशिवाय त्यांना पुढं काही बोलवेना.

"येक सांगतो. तुमाला चपला काडाय मीच लावलं हुतं. पयल्या दिशी. तुमच्या ध्यानात बी नसंल. तिनी जखमा माज्यामुळं झाल्या."

"ध्यानात न्हाई व्हय?" दगडाबाईनं काडी बाजूला ठेवली. "आवं, तेवढंच तर ध्यानात हाय."

"तवा मला हितं येऊन अकरा वर्सं झाली हुती. सणाला बिराप्पाकडं जायाची. पोटचं पोर माजं. दाराम्होरच्या लिंबाखाली घोंगडं टाकायचा, भाकरी तितंच, पानी तितंच. सून लांबनं ताट सारायची. बाजारात वाणी पुडी टाकायचा, हातात न्हाई द्याचा. देवळाच्या पायरीला तर मी सवताच जात न्हवते. अकरा वर्सं कुणाच्या उंबऱ्याला पाय न्हाई लागला. मग मला चपला काड म्हननार कोन? भाईरच बसणाऱ्याला कोन म्हनतंय चपला काड?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आन तुमी म्हनलासा, आक्का, चपला भाईर काडा. म्हंजी काय? म्हंजी आत या, आसंच न्हवं? समद्यास्नी म्हनतासा तसं मला म्हनलासा. त्या दिशी घरला येऊन लय रडले मी. तवापासनं दर ऐतवारी काडते. मला आत बोलिवलंय म्हणून काडते. आता तुमी म्हनतासा दगडाबाईला सूट. सूट दिली की मी परत भाईरचीच की वो."

कोंबड्या परत दाण्यांवर आल्या होत्या. लालासाहेबांनी डोळे पुसले, अगदी उघड पुसले, लाजले नाहीत. आपण आयुष्यभर पाय बघितले आणि पाय कुठल्या दारात थांबतात ते बघितलं नाही, एवढं त्यांना त्या वेळी समजलं. सायकल हातात धरून ते चालतच परत निघाले, आणि पेठेत पोचेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं की यातून एकच वाट आहे, आणि ती लोंढे सरांच्या घरावरून जाते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. दगडाबाईचं बोलणं लालासाहेबांनी शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणजे सगळ्या चर्चनं चपला घालून बसायचं?" सर म्हणाले.

"व्हय सर."

"पंचाहत्तर वर्षांचा आहे मी, लालासाहेब."

"व्हय सर."

"जा तुम्ही आता," सर म्हणाले आणि आत निघून गेले.

पाळक जयराज यांनी मात्र माधवनगरात घरोघरी निरोप धाडला, सगळ्यांनीच चपला घालून आत यायचं; रुळापलीकडं तेवढा तो पोचला नाही. तीन आठवडे संपले, पट्टी निघाली, आणि जूनच्या पहिल्या रविवारी लालासाहेब घंटा वाजवून तबल्याकडं गेले नाहीत. ते दारात उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य. "चपला घालूनच आत या." काही जण हसले, काही जण अडखळले. एका म्हातारीनं सवयीनं चपला काढल्याच, त्या रूथबाईंनी तिच्या पायात परत सरकवल्या. बायका उंबऱ्याशी चपलांचे तळ पायपुसण्याला इतक्या वेळा घासायला लागल्या की रांग लागली. लालासाहेबांनाही पायात चपला घालून या उंबऱ्यावर उभं राहताना कसंसंच होत होतं. सारखं वाटत होतं, मागून कुणीतरी ओरडणार.

लोंढे सर आले. धोतर पांढरंशुभ्र, पायात कोल्हापुरी. ते सवयीनं लिंबाखाली गेले, उजवी चप्पल काढली आणि तसेच थांबले, एक पाय मातीवर, एक चपलेत. त्यांनी लिंबाखाली बघितलं. तिथं एकही चप्पल नव्हती. मग दाराकडं बघितलं. जे वाक्य लालासाहेब सकाळपासून सगळ्यांना सांगत होते ते सरांना सांगायचा त्यांना धीर होईना. आतून बाकं सरकल्याचा आवाज आला. सरांनी डोळे मिटले, ओठ हलले, काय म्हणाले ते देवाला माहीत. मग वाकून त्यांनी काढलेली चप्पल परत पायात घातली, अंगण ओलांडलं आणि लालासाहेबांकडं न बघता आत गेले.

सगळ्यात शेवटी दगडाबाई आली. रिक्षातून उतरली, फाटकातून आत आली, लिंबाखाली गेली आणि भंडारा लावलेलं कपाळ आक्रसून इकडंतिकडं बघायला लागली.

"आज उपासना न्हाई व्हय?" तिनं तिथूनच विचारलं.

"हाय की. समदी आत हायती."

"मग चपला कुटं हायती?"

"त्या बी आत हायती," लालासाहेब म्हणाले. "आक्का, चपला घालूनच आत या. समद्यास्नी तेच सांगितलंय."

दगडाबाईचा हात वेल्क्रोवर गेलेला होता. अर्धा बंद सुटला होता. ती तशीच वाकलेली राहिली, इतका वेळ की लालासाहेबांना वाटलं ती आता फाटकातून परत फिरणार. मग वळलेल्या बोटांच्या मागच्या बाजूनं तिनं तो बंद परत दाबला, दोनदा दाबून बघितला, पदर डोक्यावर घेतला आणि अंगण ओलांडून आली. उंबऱ्याशी तिनं सगळ्यांसारखेच चपलांचे तळ घासले. आत शेवटच्या बाकावर लोंढे सर सरकून बसले आणि त्यांनी तिच्यासाठी जागा केली.